वऱ्हाडी बोली आणि रॅपची शिष्टमान्यता

१९७३ साली यवतमाळ येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ग. दि. माडगूळकर ह्यांनी भूषविले. त्याच वर्षी ११ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात, सेजविक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, क्लाइव्ह कॅम्बेल ह्या जमैकात जन्मलेल्या तरुणाने आपल्या बहिणीने आयोजित केलेल्या मेजवानीत तबकड्या वाजविल्या. हिपहॉपचा इतिहास लिहिणारे लोक आरंभबिंदू म्हणून हाच दिवस धरतात. ह्या दोन घटनांचा परस्परांशी कोणताही संबंध नाही आणि तो जोडण्याचा आमचा हेतूही नाही. परंतु पुढे जानेवारी २०१९ मध्ये संमेलन पुन्हा यवतमाळला भरले आणि त्यानंतर जेमतेम एका महिन्याने, १४ फेब्रुवारी २०१९ रोजी, मुंबईच्या रॅप गाणाऱ्या मुलांवरील 'गली बॉय' हा हिंदी चित्रपट देशभर प्रदर्शित झाला. ह्या योगायोगामुळे यवतमाळच्या अभ्यासकाला शेहेचाळीस वर्षांची एक सोयीस्कर मोजपट्टी मिळते. ब्राँक्समधील एका मेजवानीत जन्मलेला प्रकार एवढ्या काळात जगन्मान्य झाला, हे आता कोणी नाकारीत नाही. प्रस्तुत लेखाचा प्रश्न त्याहून मर्यादित आहे. ही मान्यता आपल्याकडे आली तेव्हा ती कोणत्या भाषेला मिळाली, आणि वऱ्हाडी बोलीच्या वाट्याला तिच्यातले काय आले?

आरंभी संज्ञांचा खुलासा करणे अवश्य आहे. हिपहॉप हे एका समग्र संस्कृतीचे नाव आहे. तबकड्यांची हाताळणी, लयबद्ध उच्चारण, नृत्य आणि भिंतींवरील रंगलेखन ही तिची चार अंगे मानतात. त्यांतील उच्चारणाचे अंग म्हणजे रॅप. कॅम्बेल ऊर्फ डीजे कूल हर्क ह्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून, गायन थांबून नुसता ताल उरतो तेवढाच तुकडा पुनःपुन्हा वाजविला. त्या लांबविलेल्या तालावर जमावाला उद्देशून बोलणारा एक इसम लागे. त्या बोलण्याचे पुढे पद्य झाले. रॅपचा उगम असा गाण्यात नसून तालावर केलेल्या बोलण्यात आहे. बोलणे हे नेहमी कोणत्या तरी बोलीतलेच असते, आणि आमच्या विवेचनाचा आधार हाच आहे.

अमेरिकेतील पुढचा प्रवास सर्वपरिचित असल्याने थोडक्यात सांगतो. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' ह्या तबकडीने बाजार मिळवून दिला. १९८२ च्या 'द मेसेज'ने वस्तीतील दारिद्र्य हा विषय मिळवून दिला. १९८९ साली ग्रॅमी पारितोषिकांत रॅपसाठी स्वतंत्र विभाग झाला. मात्र तो प्रदान समारंभाच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणात दाखविला जाणार नाही असे कळताच पारितोषिकाचे मानकरी ठरलेल्या कलावंतांनीच समारंभावर बहिष्कार घातला. २०१८ साली केंड्रिक लमार ह्यास संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. अभिजात व जाझ ह्या दोन परंपरांच्या बाहेर ते त्यापूर्वी कधी गेले नव्हते. आधी बाजार, मग पारितोषिके, शेवटी विद्वत्सभा, असा हा क्रम आहे. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, ह्या पंचेचाळीस वर्षांत रॅपने आपली बोली टाकली नाही. शाळेत अशुद्ध म्हणून खोडली जाणारी कृष्णवर्णीयांची इंग्रजी, तिची क्रियारूपे आणि तिचे उच्चार ह्यांसह, विद्वत्सभेच्या दारापर्यंत गेली आणि आत घेतली गेली.

महाराष्ट्रात काय घडले ते ह्या पार्श्वभूमीवर पाहावे. १९९२ साली बाबा सेहगल ह्यांच्या 'ठंडा ठंडा पानी'ने हिंदीत रॅपची ओळख करून दिली, पण ती एक गंमत म्हणून. खरा पालट झाला तो २०१३ नंतर, जेव्हा अंधेरीचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी ही मुले आपापल्या वस्तीच्या मुंबई हिंदीत बोलू लागली. दोघांचे 'मेरे गली में' २०१५ साली आले, आणि त्यांच्या जीवनावरून 'गली बॉय'ची कल्पना सुचली. चित्रपटाला पुढल्या वर्षी फिल्मफेअरची तेरा पारितोषिके मिळाली. सप्टेंबर २०१६ पासून भ्रमणध्वनीवरील इंटरनेट एकदम स्वस्त झाले होते. त्यामुळे ध्वनिमुद्रण कंपनी, आकाशवाणी आणि रंगमंच ह्या तिन्ही दरवानांना वळसा घालून तालुक्याच्या गावातील मुलाला आपले म्हणणे जगापुढे ठेवता येऊ लागले.

मराठी ह्या प्रवाहात आली, परंतु बहुधा शेजारीण म्हणून. मुंबईच्या 'स्वदेशी' ह्या बहुभाषी गटात एमसी मवाली मराठीत रचना करतो. ह्या गटाने २०१९ साली आरे येथील आदिवासी कलावंत प्रकाश भोईर ह्यांच्यासह 'द वारली रिव्होल्ट' हे गीत काढले, आणि विषय व भाषा ह्यांचा त्यात साधलेला मेळ आजही दुर्मिळ आहे. पुण्याच्या एमसी स्टॅनची भाषा हिंदीच, मात्र तिला पुणेरी वस्तीचा रंग आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो 'बिग बॉस' ह्या दूरचित्रवाणी स्पर्धेत प्रेक्षकांच्या मतांवर विजयी झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिल २०२३ मध्ये, राज्यातील सत्तांतरावर टीका करणाऱ्या मराठी रॅपबद्दल छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगसे ह्या तरुणावर गुन्हा नोंदविण्यात आला. ह्या दोन घटना एकत्र ठेवल्या म्हणजे 'मुख्य प्रवाहाने रॅप स्वीकारले' हे विधान किती सैल आहे ते दिसते. रॅपचा वेश स्वीकारला गेला आहे. त्यातून कोणी काय बोलावे, ह्याची तपासणी अजून चालू आहे.

विदर्भातून ह्या क्षेत्रात सर्वाधिक परिचित झालेले नाव अमरावतीच्या सौरभ अभ्यंकर ह्यांचे. '१०० आरबीएच' ह्या नावाने ते वऱ्हाडीत रॅप करतात. 'गली बॉय'मधील 'इंडिया ९१' ह्या गीतात त्यांचा आवाज आहे, आणि २०२३ मधील 'एमटीव्ही हसल'च्या तिसऱ्या पर्वात ते देशव्यापी प्रेक्षकांपुढे आले. 'इंडिया ९१' हे गीत मृदंगवादक विवेक राजगोपालन ह्यांच्या सहभागातून झालेले असून त्यात निरनिराळ्या भाषांचे गायक आळीपाळीने येतात. ९१ हा भारताचा दूरध्वनी संकेतांक. म्हणजे वऱ्हाडीला प्रवेश मिळाला तो राष्ट्रीय वैविध्याच्या दर्शनात, इतर भाषांच्या रांगेत एक नमुना म्हणून. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. तरीही नमुना होणे आणि वक्ता होणे ह्यांत अंतर आहे. त्या चित्रपटाचा नायक आपले सुखदुःख सांगतो ते मुंबईच्या हिंदीत.

ह्या कलावंताच्या नावाकडेही जरा थांबून पाहण्यासारखे आहे. '१००' हा अंक 'शंभर' असा वाचला तर नाव लागतच नाही. तो 'सौ' असाच वाचावा लागतो, तेव्हा 'सौ-रभ' उलगडतो. वऱ्हाडीत बोलणाऱ्याच्या नावाची किल्ली अशी हिंदीत आहे. कोणी ह्यास मराठीची हानी म्हणतील. आम्हांस तसे वाटत नाही. यवतमाळसह वऱ्हाडचे जिल्हे निजामाच्या राज्यातून १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात आले, १९०३ साली मध्यप्रांताला जोडले गेले आणि १९५६ साली मुंबई राज्यात आले. दख्खनी-उर्दू आणि हिंदी ह्यांचा इतक्या पिढ्यांचा सहवास ज्या बोलीला आहे, तिच्यात 'सौ' हा पाहुणा नाही. शिवाय 'वऱ्हाडी' हे एकवचनही सोयीचेच आहे. यवतमाळ जिल्ह्यापुरते बोलायचे तर वणीकडील बोली नागपुरीकडे झुकते, पुसद-उमरखेडकडील मराठवाड्याशी हात मिळविते, आणि तांड्यांवर गोरमाटी, पोडांवर कोलामी व गोंडी आहेतच. जिल्ह्यातील मुलगा घरी एक, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलत वाढतो. भाषा क्षणात बदलणे हे रॅपचे जे एक कौशल्य मानले जाते, ते त्याला शिकवावे लागत नाही.

आता समीक्षेकडे वळू. मराठीत रॅपविषयी जे लिहिले जाते त्यात एक वाक्य हमखास आढळते : रॅप म्हणजे आधुनिक पोवाडा. ह्या वाक्याचा हेतू गौरवाचा असला तरी आमच्या मते ते मान्यता देण्याचे टाळते. नवागताला त्याच्या गुणांवर आत घेण्याऐवजी, तो आपल्या जुन्या ओळखीच्या घरचा आहे असे सांगून घेतले जाते. मग त्याचे वेगळे काय, हे पाहण्याची जबाबदारी उरत नाही. शिवाय ही तुलना शास्त्रदृष्ट्याही कच्ची आहे. अफझलखानवधावरील अज्ञानदासाच्या पोवाड्यापासून ह्या प्रकाराचा स्वभाव पराक्रमकथनाचा राहिला आहे. शाहीर दुसऱ्याची गोष्ट सांगतो, स्वतः बाजूला उभा राहतो, आणि आपले नाव अखेरच्या चौकात घेतो. अभंगातील 'तुका म्हणे' ही नाममुद्राही शेवटीच येते. रॅपमध्ये उलट आहे. तेथे नाव आधी, गाव त्यानंतर आणि कथा, असलीच तर, मग. वीर दुसरा कोणी नसून बोलणारा स्वतःच असतो.

नाते शोधायचेच असेल तर ते अन्यत्र अधिक जवळचे सापडते. कलगी आणि तुरा ह्या पक्षांच्या शाहिरांत रात्रभर चालणारे सवाल-जबाब, प्रतिपक्षाला भेदिक कोडे घालून अडविणे, जमावाने निकाल देणे, हे सर्व रॅपमधील द्वंद्वाच्या अगदी निकट आहे. आंबेडकरी जलसा तर हेतूच्या दृष्टीने सख्खा भाऊच. भीमराव कर्डकांचे जलसे आणि वामनदादा कर्डकांची गीते ह्यांनी, ज्यांच्या बोलण्याला सभेत जागा नव्हती त्यांना तालावर बोलण्याची सवय लावली. अण्णा भाऊ साठे ह्यांनी तमाशाला 'लोकनाट्य' म्हटले तेव्हाही प्रश्न मान्यतेचाच होता, आणि नाव बदलण्याची किंमत मोजून ती मिळवावी लागली.

परंतु वऱ्हाडपुरता विचार केला तर आमच्या डोळ्यांपुढे येते ते गाडगेबाबांचे कीर्तन. त्यात गायन थोडे, बोलणे पुष्कळ. बाबा प्रश्न विचारीत, जमाव उत्तर देई. त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे आणि मध्येच 'गोपाला'चा गजर ताल सांभाळी. भाषा निखळ वऱ्हाडी. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने ह्याच मुलखाला तालाची दीक्षा दिली, आणि सत्यपाल महाराजांनी सात खंजिऱ्यांवर वऱ्हाडी प्रबोधन आजच्या पिढीपर्यंत आणले. तालावरचे बोलणे, श्रोत्याला हाक आणि त्याचा प्रतिसाद, नर्म विनोदातून अचानक बोचणारा आरोप, ही घटकद्रव्ये ह्या परंपरेत सिद्ध आहेत. मात्र एक भेद विसरता कामा नये. कीर्तनकाराला उच्चासन असते, तो उपदेश करतो. रॅप करणाऱ्याला कोणी आसन दिलेले नसते, आणि म्हणूनच त्याला आपले नाव इतक्या मोठ्याने सांगावे लागते.

येथे आमच्याच प्रदेशातील दुसऱ्या एका आयात प्रकाराचा इतिहास उद्बोधक ठरेल. फारसी-उर्दूतून आलेल्या गझलेला माधव ज्यूलियनांनी मराठीत आणले. त्यांची 'गज्जलांजलि' १९३३ ची. तिला मराठी मनात घर मिळाले ते मात्र अमरावतीच्या सुरेश भटांमुळे, 'रंग माझा वेगळा' (१९७४) आणि 'एल्गार' (१९८३) ह्या संग्रहांच्या काळात. गझल मान्य झाली ती प्रमाण मराठीत. भटांच्या प्रतिभेविषयी आम्हांस नितांत आदर आहे, आणि त्यांनी वऱ्हाडीत लिहावयास हवे होते असा हट्ट कोणी धरू नये. तरी वस्तुस्थिती अशी की, वऱ्हाडातून उठलेल्या श्रेष्ठ कवितेने शिष्टमान्यतेच्या वाटेवर घरची बोली मागे ठेवली. उद्धव शेळके ह्यांनी 'धग' (१९६०) मधील संवादांत तीच बोली दुःखाची भाषा म्हणून वापरून दाखविली, त्याचे मोल म्हणूनच मोठे आहे. एरवी नाटक-चित्रपटांनी वऱ्हाडी ठेवली ती हशासाठी. पात्राने 'काहून' म्हणावे आणि पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाने हसावे, असा जणू करारच होता. पुढचे बोलणे रागाचे असो वा उपासमारीचे, हसू आधीच येऊन गेलेले असे.

रॅपने हा करार मोडण्याची शक्यता निर्माण केली आहे, आणि आमच्या मते वऱ्हाडी रॅपचे साहित्यिक महत्त्व ह्यातच आहे. ते नुसते आशयाचे नाही. पद्यरचनेतही त्याला आधार आहे. प्रमाण मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे 'करतो-मरतो', 'गेला-मेला' अशी प्रत्यययमके फुकटात मिळतात, आणि फुकटातले यमक कानाला लवकर कंटाळा आणते. मराठी रॅपचा मोठा भाग ह्याच दोषाने पातळ झाला आहे. वऱ्हाडीत हाच कच्चा माल निराळा पडतो. 'मला, तुला' ह्यांचे 'मले, तुले' होते. 'करीत आहे' ह्याऐवजी 'करून राह्यलो' असे लांब, झोकदार रूप येते, आणि त्यातील 'राह्य'वर ताल टेकता येतो. सर्वांत महत्त्वाचा बदल 'ळ'चा. वऱ्हाडीत तो 'य' होतो : डोळे ते डोये, काळा तो काया, गळा तो गया, शाळा ती शाया. ह्या एका ध्वनिपरिवर्तनाने यमकांचा नवा कोशच उघडतो. 'काया' म्हणजे काळा आणि देहही. 'गया' म्हणजे गळा, आणि शेजारच्या हिंदीत गेलेला. 'माया' म्हणजे ममता, जमविलेला पैसा आणि, बोलीतल्या 'माह्या'च्या सैल उच्चारात, 'माझ्या'सुद्धा. प्रमाण भाषेत 'शाळा' आणि 'वाया' ह्यांची कधी गाठ पडत नाही. 'शाया' आणि 'वाया' मात्र सहज शेजारी बसतात. ज्या जिल्ह्यात शिकून घरी बसलेले तरुण गावोगाव आहेत, तेथे हे यमक केवळ नादाचे राहत नाही.

एवढे मान्य केल्यावर दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. न सांगणे हा कलावंताचा अपमान होय. आज ऐकू येणाऱ्या मराठी रॅपमध्ये परकीय बढाईचा भरणा फार आहे. मोटारी, दागिने, पैसा, अदृश्य शत्रूंना दिलेल्या धमक्या, स्त्रियांविषयीचे हिणकस उल्लेख, हे सर्व अमेरिकन बाजारातून बांधून आल्यासारखे येते. बढाईला आमचा तात्त्विक विरोध नाही. ज्याच्या बोलण्याला पिढ्यान्पिढ्या हसले गेले, त्याने 'मी' म्हणून छाती काढणे हे आशयच असते. पण तो आशय पहिल्या एक-दोन रचनांत संपतो. त्यानंतर 'मी'ने काही पाहिले पाहिजे. कापसाचे बोंड, खरेदी केंद्रापुढची गाड्यांची रांग, कर्जाचा हप्ता, पांढरकवड्याची बस, ह्यांतले जे काही पाहणाऱ्याचे असेल ते यावे. 'द मेसेज'चे यश त्यातील धीटपणाइतकेच त्यातील निरीक्षणाचेही आहे. इंग्रजी शब्दांचा वापर हाही स्वतः दोष नव्हे, कारण मुले तसे बोलतातच. मात्रा भरून काढण्यासाठी इंग्रजी ठोकळा बसविला जातो तेव्हा मात्र ओळ ढिली होते, आणि ते ऐकताच कळते.

२०१९ च्या यवतमाळ संमेलनाची आठवण येथे अप्रस्तुत नाही. अरुणा ढेरे अध्यक्ष असलेल्या त्या संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल ह्यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. त्यावरून वाद उठला, आणि अखेर उद्घाटन जिल्ह्यातील एका आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झाले. त्या प्रसंगी साहित्याच्या व्यासपीठावरून कोणी बोलावे हा प्रश्न यवतमाळने साऱ्या महाराष्ट्रापुढे ठेवला. १९७३ च्या संमेलनाचा अध्यक्ष हा 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) चा गीतकार होता. लावणीला पांढरपेशा घरांत नेण्यात चित्रपटाचा हात किती होता, हे त्या निवडीतच दिसत होते. चित्रपटाने मान्य करावे आणि साहित्याने मागाहून होकार भरावा, हा क्रम आपल्याकडे जुनाच आहे. रॅपच्या बाबतीत चित्रपटाचा होकार येऊन गेला. साहित्याचा अजून यावयाचा आहे, आणि तो 'आधुनिक पोवाडा' म्हणून नव्हे, तर ओळीओळीचे परीक्षण करून यावा अशी आमची अपेक्षा आहे.

त्यासाठी पहिली अडचण अगदी व्यावहारिक आहे. परीक्षण करावयाचे तर संहिता हवी, आणि वऱ्हाडी रॅपला लिखित संहिता बहुधा नसते. जी गीते लिहून काढली जातात ती रोमन लिपीत असतात, आणि त्या लिपीत 'ळ' आणि 'ल' ह्यांतला भेद उरत नाही. देवनागरीत उतरविणारा विद्यार्थी सहसा शिकलेला असतो. ध्वनिमुद्रणात त्याला 'शाया' स्पष्ट ऐकू येते, तरी हात सवयीने 'शाळा' लिहितो, 'मले'चे 'मला' करतो आणि 'राह्यलो'चे 'राहिलो'. हे तो आदरानेच करतो. आपल्या बोलीला लोकांनी हसू नये म्हणून. पण कागदावर 'शाळा' पडली की शेजारच्या 'वाया'शी तिचे यमक तुटते, आणि संहिता वाचणारा परीक्षक शेऱ्यात लिहितो की कवीला यमक साधत नाही. अमरावती विद्यापीठ ज्यांचे नाव मिरविते ते बाबा शाळेला काय म्हणत, हे वऱ्हाडात कोणाला सांगावे लागत नाही. विभागाने संकलन हाती घेतल्यास उच्चारानुसारी लेखनाचा नियम आधी ठरवावा, 'ळ'च्या जागी ऐकू आलेला 'य' तसाच ठेवावा, आणि वणी व पुसद येथील मुद्रणे वेगळी नोंदवावीत.